‘पानिपत’ चित्रपट आणि दाणावैरणीचा हिशेब

युद्धाचा भव्य चित्रपट पाहून आलेल्या मुलांस तोफा, हत्ती व तलवारी आठवतात. हजारों माणसें रोज काय खात होतीं, हा प्रश्न सहसा कोणास सुचत नाहीं. श्री. आशुतोष गोवारीकर यांचा ‘पानिपत’ हा हिंदी चित्रपट ता. 6 डिसेंबर 2019 रोजीं प्रदर्शित झाला. तो पाहतांना पालकांनीं मुलांचें लक्ष या प्रश्नाकडे अवश्य वेधावें.

ही मोहीम आपल्या प्रांताजवळूनच निघाली. फेब्रुवारी 1760 मध्यें उदगीर येथें निजामाचा पराभव झाल्यावर सदाशिवरावभाऊंनीं मार्चमध्यें परतूर येथून उत्तरेची वाट धरली. हें परतूर आज जालना जिल्ह्यांत, आपल्या वाशीमच्या पश्चिमेस आहे. तेथून पानिपत सरळ रेषेंतही हजार किलोमीटरांहून दूर! शिवाय फौजेबरोबर बायकामुलें, नोकरचाकर, व्यापारी व तीर्थयात्रेस निघालेले लोक होते. लढणारांस बुणग्यांचेंही पोट भरावें लागे.

ऑगस्टमध्यें दिल्ली हातीं आली, पण तेथील खजिना रिता होता. भरतपूरचे सुरजमल जाट मतभेद होऊन निघून गेले. ऑक्टोबरांत कुंजपुरा जिंकल्यामुळें धान्याचा मोठा सांठा मिळाला. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस अहमदशहा अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांची दिल्लीची, म्हणजे दक्षिणेचीही, वाट बंद झाली. अब्दालीचीही परतीची वाट मराठ्यांनीं अडविली होती, हें खरें. तथापि नदीपलीकडील रोहिल्यांच्या मुलखांतून त्यास धान्य येत राहिलें. तें तोडण्याच्या कामीं असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेले. येथून छावणींत उपासमार सुरू झाली. माणसांप्रमाणें घोडीही खंगलीं. शेवटीं उपाशी मरण्यापेक्षां लढून वाट काढावी, असें ठरलें.

ता. 14 जानेवारी 1761. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनीं व पायदळानें प्रारंभीं शत्रूची मोठी हानि केली. दुपारीं विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, तेव्हां रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. इकडे अब्दालीनें राखून ठेवलेली ताजी फौज पुढें घातली.

चित्रपट या शेवटच्या दिवसावर फार भर देतो, आणि पडद्याची सोय पाहतां तें स्वाभाविकही आहे; उपासमार दाखविण्यापेक्षां हत्ती धांवविणें सोपें! माझ्या मतें मात्र मराठी भाषेस ‘पानिपत होणें’ हा वाक्प्रचार देणारा तो पराभव बागपताच्या उताराशींच ठरला होता.

सुरजमल यांच्या चित्रणावरून राजस्थानांत मोठा विरोध झाला व कांहीं ठिकाणीं खेळ बंद पडले. त्या विरोधास आधार होता. रणांतून जीव घेऊन आलेल्या, कित्येक दिवस अन्न न पाहिलेल्या मराठ्यांस याच सुरजमल यांनीं आपल्या राज्यांत आश्रय दिला, जेवूं घातलें, वस्त्रें दिलीं आणि दक्षिणेच्या वाटेस लावलें.