पाहुणे येती गावा

मुलांनो, 'विरासत' हा शब्द तुम्हांला ठाऊक आहे. मराठीतील 'वारसा' हा त्याच घराण्यातला शब्द. वारसा म्हणजे पूर्वजांनी आपल्यासाठी राखलेला ठेवा.

बीड जिल्ह्यातील सिरसाळा हे परळी तालुक्यातील गाव. परळीला वैजनाथाचे मंदिर आहे. अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. तेथेच दासोपंतांनी कापडावर लिहिलेली लांबलचक 'पासोडी' आहे. धारूरला बालाघाटाच्या डोंगरात जुना किल्ला आहे. याच डोंगरांत गोड सीताफळे पिकतात. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले.

परळीला यात्रेकरू येतात, दर्शन घेतात आणि परततात. ते एक दिवस अधिक राहिले तर? त्यांना राहायला खोली लागेल, ज्वारीची भाकरी लागेल, वाट दाखवणारा लागेल. म्हणजेच गावातील माणसांना काम मिळेल. आज या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी घर सोडतात. त्यांच्या मुलांची शाळा बुडते. गावातच काम मिळाले, तर त्यांतील काही मुले तरी वर्गात राहतील. शेतावर पाहुणे ठेवता यावेत, म्हणून शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरणही आखले आहे.

पण पाहुणा येण्याआधी आपण घर झाडतो ना? मग किल्ल्याच्या भिंतीवर नावे कोरू नका. बारवेत कचरा टाकू नका. आजी-आजोबांना गावच्या जुन्या गोष्टी विचारा आणि वहीत लिहून ठेवा. उद्या पाहुणा विचारील, तेव्हा सांगायला तुम्हीच पुढे व्हाल.