किशोरवयीन विद्यार्थ्यांचे व्यसनविषयक प्रबोधन : नाशिकच्या संदर्भात

प्रस्तावना :
द्राक्षे आणि वाइन यांमुळे नाशिक जिल्हा देशभर ओळखला जातो. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि त्यानंतर येथील वाइननिर्मितीचा विस्तार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच शहरालगत शिंदे गाव परिसरातील एका कारखान्यावर मुंबई पोलिसांनी छापा घालून कोट्यवधी रुपयांचे मेफेड्रोन, म्हणजेच ‘एमडी’, जप्त केले. एकीकडे प्रतिष्ठा लाभलेले मद्य आणि दुसरीकडे गुन्हेगारीच्या मार्गाने येणारा अमली पदार्थ, अशा परिस्थितीत येथील किशोरवयीन विद्यार्थी वाढत आहे. त्याचे प्रबोधन कोणत्या पद्धतीने करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

किशोरावस्था व जोखीम :
मेंदूतील सुख व उत्तेजना यांच्याशी संबंधित केंद्रे किशोरवयात अतिशय क्रियाशील असतात. परिणामांचा विचार करून स्वतःला आवर घालणाऱ्या अग्रभागाची वाढ मात्र वयाच्या सुमारे पंचविशीपर्यंत चालू राहते. त्यामुळे या वयात मित्रांसमोर घेतलेला निर्णय अनेकदा ज्ञानावर नव्हे, तर त्या क्षणाच्या दडपणावर ठरतो. वापर जितक्या कमी वयात सुरू होतो, तितका पुढे व्यसन जडण्याचा धोका वाढतो.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ मधील राष्ट्रीय अहवालातील एक निष्कर्ष शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. प्रौढांपेक्षा १० ते १७ या वयोगटात वापराचे प्रमाण अधिक आढळलेला पदार्थांचा गट एकच होता, तो म्हणजे हुंगण्याचे पदार्थ. व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन, पेट्रोल यांसारख्या या वस्तू सहज मिळतात आणि त्या जवळ बाळगल्याने कोणाला संशयही येत नाही.

भीतीच्या मार्गाची मर्यादा :
एखादे व्याख्यान, भीतिदायक चित्रे आणि शेवटी सामूहिक शपथ, असे आपल्याकडील कार्यक्रमांचे सर्वसाधारण स्वरूप असते. अमेरिकेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘डेअर’ कार्यक्रमात पोलीस अधिकारी वर्गात येऊन मार्गदर्शन करीत. पुढील काळातील मूल्यमापनांत त्याच्या मूळ स्वरूपाचा विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष वर्तनावर टिकाऊ परिणाम जवळजवळ आढळला नाही. याउलट नकार देणे, ताण हाताळणे, निर्णय घेणे ही जीवनकौशल्ये संवाद व सरावातून शिकवणाऱ्या कार्यक्रमांचे परिणाम तुलनेने चांगले दिसून आले. अतिशयोक्तीचा आणखी एक तोटा संभवतो. सांगितलेला भयंकर परिणाम मित्राच्या बाबतीत तात्काळ दिसला नाही, की विद्यार्थ्याचा सांगणाऱ्यावरील विश्वासच उडतो आणि खरी माहितीही तो नाकारतो.

स्थानिक प्रश्नाला प्रामाणिक उत्तर :
जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद सर्वत्र ऐकू आला. नाशिकच्या वर्गात हा प्रश्न उपस्थित होणारच. त्याचे उत्तर गणिताने देता येते. १२ टक्के तीव्रतेच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १८ मिलिलिटर अल्कोहोल असते, तर ४२.८ टक्के तीव्रतेच्या ३० मिलिलिटर व्हिस्कीमध्ये सुमारे १३ मिलिलिटर. पेय वेगळे असले तरी शरीरात जाणारा पदार्थ एकच आहे. ज्याच्या घरची द्राक्षबाग वाइनरीला माल पुरवते, त्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचा अवमान न करताही हे सांगता येते. पीक घेणे हा व्यवसाय आहे, तर अल्पवयात मद्य घेणे हा आरोग्याचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात वाइन व बिअरसाठी २१ आणि इतर मद्यांसाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे, हेही या संदर्भात स्पष्ट करावे.

शिक्षकांची भूमिका :
१. वर्षातून एक व्याख्यान ठेवण्याऐवजी लहान गटांत सातत्याने चर्चा व भूमिकाभिनय घ्यावा. ‘एकदा घेऊन तर बघ’ या आग्रहाला उत्तर देण्याचा सराव प्रत्यक्ष करून घ्यावा.
२. अनुपस्थिती, गुणांतील अचानक घसरण, बदललेली मित्रमंडळी, पैशांची वाढती गरज या लक्षणांची नोंद घ्यावी. मात्र तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.
३. अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याला प्रथम समुपदेशन मिळावे. तात्काळ निष्कासन केल्यास त्याचा मदतीशी असलेला शेवटचा दुवा तुटतो. १४४४६ ही राष्ट्रीय निःशुल्क मदतवाहिनी उपलब्ध आहे.
४. कायद्यातील भेद समजावून द्यावा. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार बालकास मद्य वा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. दुसरीकडे अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यात, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस खटल्यापासून संरक्षण देते.

समारोप :
डॉ. अनिता व अनिल अवचट यांच्या प्रयत्नांतून १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. व्यसनी माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही दृष्टी महाराष्ट्रात रुजवण्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे. महाविद्यालयांनी हीच दृष्टी एक पायरी अलीकडे, म्हणजे प्रतिबंधाच्या टप्प्यावर, स्वीकारणे आवश्यक आहे. शिक्षा होईल या भीतीने जो विद्यार्थी बोलतच नाही, त्याच्यापर्यंत कोणतेही प्रबोधन पोहोचत नाही. म्हणून आपली अडचण निःसंकोचपणे सांगता येईल असा किमान एक शिक्षक प्रत्येक विद्यार्थ्यास लाभणे, ही व्यसनप्रतिबंधाची पहिली अट मानावी लागेल.