इंजिन थांबल्यावरही फिरणारी पाती

८ मार्च २०२३. मुंबईच्या किनाऱ्याजवळ नौदलाचे ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर नेहमीच्या उड्डाणावर होते. अचानक त्याची शक्ती गेली आणि ते झपाट्याने खाली येऊ लागले. वैमानिकाने ते सावरून पाण्यावर उतरवले, तरंगण्यासाठी बसवलेले फुगे फुगले आणि आतले तिघेही वाचले. नंतर देशभरातल्या ध्रुवांची उड्डाणे थांबवून तपासणी झाली. दोष इंजिनात नव्हे, पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेतल्या दांड्यांमध्ये शोधला गेला. पुढे ॲल्युमिनियमच्या दांड्यांऐवजी पोलादी दांड्या बसवण्यात आल्या.

हेलिकॉप्टर कोसळले की ‘इंजिन बंद पडले असेल’ असे लोक लगेच म्हणतात. इंजिन बंद पडले म्हणजे सगळे संपले, असाही समज असतो. तो खरा नाही.

पायडल मारणे थांबवले तरी सायकलचे चाक फिरत राहते, ते फ्रीव्हीलमुळे. तशीच सोय हेलिकॉप्टरमध्येही असते: इंजिन थांबले की ते पात्यांपासून सुटे होते. वैमानिकाने मात्र एक-दोन सेकंदांत पात्यांचा कोन कमी करायला हवा. मग खाली येताना खालून वर जाणारी हवाच पाती फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. हलके हेलिकॉप्टर अशा वेळी मिनिटाला साधारण दीड हजार फूट खाली येते. म्हणजे हजार फुटांवर असलेल्या वैमानिकाला जागा निवडायला पाऊण मिनिटही मिळत नाही. जमीन जवळ आली की नाक वर उचलून वेग मोडायचा आणि पात्यांत साठलेली गती शेवटच्या क्षणी खर्चून अलगद टेकायचे. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांचे ऑटोजायरो नावाचे विमान १९२३ मध्ये उडाले, तेव्हाही त्याच्या डोक्यावरची पाती हवेच्याच जोरावर फिरत होती.

नाशिकला लष्कराचे हवाई प्रशिक्षण केंद्र आहे. चेतक, चीतासारख्या एकाच इंजिनाच्या हेलिकॉप्टरवर शिकणाऱ्याला हे उतरणे अंगवळणी पडेपर्यंत गिरवावे लागते, कारण त्याच्याकडे दुसरे इंजिन नसते. ध्रुवला दोन आहेत. पण गिअरबॉक्स किंवा नियंत्रणाच्या दांड्याच तुटल्या, तर दोन इंजिनेही काही करू शकत नाहीत. म्हणूनच देखभालीच्या हँगरमध्ये भिंग घेऊन बारीक तडे शोधणाऱ्या तंत्रज्ञाचे काम वैमानिकाइतकेच मोलाचे आहे. बातमीत मात्र तो कधी येत नाही.

खरा धोका असतो तो उंची आणि वेग दोन्ही कमी असताना, म्हणजे उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी. २५ मे २०१७ रोजी निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच खाली आले आणि विजेच्या तारांत अडकले. तिथेही इंजिन बंद पडले नव्हते. सर्वजण वाचले, पण कमी उंचीवर तारा काय करू शकतात हे मराठवाड्याने पाहिले.

हिंगोली जिल्ह्यात हेलिकॉप्टर दिसते ते बहुधा निवडणुकीच्या सभांना. कापणीनंतरचे मोकळे शिवार वैमानिकाला उतरायला उत्तम. पण कृषिपंपांच्या तारा वरून शेवटपर्यंत दिसत नाहीत. वसमत, कळमनुरीला मैदानावर हेलिपॅड आखताना नुसता चुन्याचा गोल पुरत नाही. हेलिकॉप्टर ज्या दिशेने उठणार, त्या बाजूचा पट्टा तारांपासून आणि नेता पाहायला धावणाऱ्या गर्दीपासून मोकळा राखायला हवा. इंजिन दगा देईल तेव्हा वैमानिक तोच पट्टा शोधणार असतो.