सार्त्रची बसची रांग
परवा वाचनगटात एका मुलीने विचारलं, माणसाच्या स्वातंत्र्याचा एवढा आग्रह धरणारा अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्र मार्क्सवादाकडे वळलाच कसा?

मी तिला त्याचं १९६० चं ‘क्रिटिक ऑफ डायलेक्टिकल रीझन’ उघडून दाखवलं. त्यात पॅरिसच्या सँ-जेर्मँ चौकात माणसं बसची वाट बघत उभी आहेत. प्रत्येकाच्या हातात यंत्रातून काढलेला नंबर. जागा मोजक्या, म्हणून शेजारचा सोबती नसतो, फक्त आणखी एक नंबर असतो. टंचाई माणसांना अशी सुटी पाडते.

पण सार्त्रचंच दुसरं उदाहरण बघा: फ्रेंच राज्यक्रांतीत, १७८९ च्या जुलैत, सैन्याच्या धास्तीने असेच सुटे पॅरिसकर एकवटले आणि बॅस्टिलचा किल्ला पडला. परिस्थिती माणसाला घडवते, माणूस परिस्थितीला, हेच द्वंद्व; मार्क्सवादात सार्त्रला स्वातंत्र्याची जागा दिसली ती इथेच. पुढे तोच समूह थिजून संस्था बनतो, हेही सार्त्र प्रामाणिकपणे मांडतो.

पुस्तक अवघड आहे, पण जरूर वाचा.