संगणकाचे अपडेट आणि ओपीडीची रांग
साताऱ्यात काय, सांगलीत काय, केसपेपरची रांग लागली की नेमका तेव्हाच संगणक अपडेट घ्यायला बसतो. रुग्ण वैतागतात, आम्हीही. पण म्हणून अपडेट कायमचे बंद करणे म्हणजे ताप येतो म्हणून बाळाची लस चुकवणे.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसमुळे ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतील हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. ते रोखणारे अपडेट मार्चमध्येच आले होते! जूनमध्ये तशाच हल्ल्याने आपल्या न्हावा-शेवा बंदरातले एक टर्मिनल ठप्प झाले.

विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ असतात. तिथे ओपीडीची वेळ टाका, त्या वेळात संगणक आपोआप रीस्टार्ट होत नाही. ब्राउझर कुठलाही चालेल, फक्त त्याला अपडेट मिळत असावेत. विंडोज ७ वर क्रोमचे २०२३ मध्येच थांबले.