सव्वा रुपयाचे गोदान

प्रेमचंदांच्या ‘गोदान’चा उत्कर्षबिंदू कोणता, असे वर्गात विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: होरीचा मृत्यू. उत्तर चुकीचे नाही, पण घाईचे आहे. सर्वांत मोठी आणि शेवटची घटना म्हणजे उत्कर्षबिंदू, ही समजूत चित्रपटांनी रुजवलेली. जर्मन लेखक गुस्टाफ फ्रायटाग याने १८६३ साली नाट्यरचनेची पाच टप्प्यांची मांडणी केली, तिच्यात शिखर मधोमध येते. नायकाचे दैव जिथून फिरते, ते शिखर. उतार आणि शेवट त्यानंतरचे. हे माप घेऊन ‘गोदान’पुढे बसले की एकाऐवजी तीन जागा दिसू लागतात.

कादंबरी १९३६ साली आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रेमचंद गेले. अवधमधल्या बेलारी गावचा कुळवाडी होरी महतो याला आयुष्यात एक गाय हवी आहे, दारात बांधलेली, दुधाची आणि थोडी मिरवायचीही. भोला गवळ्याकडून तो ८० रुपयांची गाय उधारीवर आणतो. सख्खा भाऊ हीरा मत्सराने तिला विष घालतो आणि परागंदा होतो. पोलीस येतात. भावाच्या घराची झडती होऊ नये, नाहीतर घराण्याची अब्रू जाईल, म्हणून होरी कर्ज काढून फौजदाराला लाच द्यायला निघतो. त्याची बायको धनिया ते पैसे हिसकावून भर लोकांत फेकून देते. नाट्य म्हणाल तर इथे भरपूर आहे, आणि होरीचे दैवही इथूनच फिरते. पण कादंबरीचा जेमतेम पहिला तृतीयांश झालेला असतो. त्यापुढे मुलगा गोबर याने गरोदर केलेल्या विधवा झुनियाला घरात घेतल्याबद्दल पंचांचा १०० रुपये रोख आणि ३० मण धान्याचा दंड, मग उधारीपोटी भोलाने सोडून नेलेले बैल, कर्जावर कर्ज. शेतकरी एका फटक्यात बुडत नाही, हे या लांबणीतूनच कळते.

दुसरी जागा रूपाच्या लग्नाची. खंड थकला आहे, जमिनीवरून बेदखल होण्याची वेळ आली आहे. तेव्हा गावचे भिक्षुक आणि सावकार पंडित दातादीन धाकट्या रूपासाठी स्थळ सुचवतात. वर होरीच्याच वयाच्या आसपासचा. त्याच्याकडून २०० रुपये घेताना होरीचा हात कापतो. नावाला ते कर्ज. खरे तर मुलगी विकल्याचे पैसे आहेत, हे त्याला कळते. तीस वर्षे झुंजलेला हा माणूस आज हरला, असे निवेदक इथे स्पष्ट सांगतो. गाय मेली तेव्हा होरीचे नुकसान झाले होते. इथे तो स्वतःच्या नजरेतून उतरतो. मराठीत ज्याला ‘कळस’ म्हणतात तो उंचीवर असतो, पण या कादंबरीचा कळस शोधायला खाली पाहावे लागते. म्हणून खरा उत्कर्षबिंदू हाच, असे म्हणायला चांगला आधार आहे.

अडचण अशी, की प्रेमचंद तिथे थांबत नाहीत. नातू मंगलच्या दुधासाठी गाय घ्यायची म्हणून होरी आठ आणे रोजाने खडी खोदायला जातो आणि रात्री धनियासोबत सुतळी वळतो. मग एके दिवशी हीरा परत येतो, पश्चात्तापाने खंगलेला. भावाला पाहून होरीला जे वाटते, त्याला निवेदक विजय म्हणतो. आधीच्या पराभवाचा निकाल लेखकानेच फिरवला, आणि लगेच उन्हाची झळ लागून होरी कोसळतो. या तीन गोष्टी इतक्या जवळजवळ आहेत, की परीक्षेच्या उत्तरात त्यांतली मधली हमखास गळते.

शेवटचा प्रसंग जेमतेम पान-दीड पानाचा आहे, आणि तो वर्गात सावकाश वाचण्यासारखा आहे. मरणाऱ्याच्या हातून गाय द्यायची म्हणजे वैतरणी पार होते, ही श्रद्धा. मराठी घरांत याला गोप्रदान म्हणतात, आणि गाय नसेल तर तिच्या बदली पैसे देतात, तो निष्क्रय. आता पात्रे कशी उभी आहेत पाहावे. गोदान करून घ्या, असे रडत म्हणणारा हीरा आहे, होरीची गाय मारणारा. दान घ्यायला समोर दातादीन आहेत, रूपाचे लग्न जुळवणारे. आणि धनियाजवळ आहेत त्या दिवशी सुतळी विकून आलेले वीस आणे.

वीस आणे म्हणजे सव्वा रुपया. पूजेअर्चेत ठेवायची दक्षिणा म्हणून मराठी वाचकाला ही रक्कम परिचयाची. त्यामुळे धर्माच्या हिशेबात ती चपखल बसते. बाजाराच्या हिशेबात मात्र तो भोलाच्या गाईचा चौसष्टावा हिस्सा, किंवा होरीची अडीच दिवसांची मजुरी. गाईसाठी वळलेली सुतळी गाईऐवजी दान जाते. संस्कृत नाट्यशास्त्रात कथानकाच्या पाचव्या अवस्थेला ‘फलागम’ म्हणतात. होरीला गाय मिळते ती अशी, नावापुरती, आणि तीही दुसऱ्याला देण्यासाठी.

धनिया ते पैसे नवऱ्याच्या थंड हातात ठेवते, घरात ना गाय आहे ना वासरू, हेच यांचे गोदान, अशा अर्थाचे दातादीनना सांगते आणि कोसळते. दातादीनांनी ते घेतले की नाही, हे प्रेमचंदांनी लिहिलेले नाही.