पगार देऊनही माणसं का टिकत नाहीत?



भांडवल कुठून आणू, या प्रश्नाच्या खालोखाल मला विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "सर, पोरं टिकत नाहीत, काय करू?"

यावर सहसा दोन उत्तरं मिळतात. पगार वाढवा, नाहीतर कामगारांना मोटिव्हेट करा. दोन्ही अर्धवट आहेत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींच्या मुलाखती घेतल्या आणि १९५९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं सार असं, की माणूस ज्या कारणांनी नाराज होतो ती वेगळी, आणि ज्या कारणांनी जीव ओतून काम करतो ती वेगळी. पगार, कामाची जागा, साहेबाची वागणूक बिघडली की नाराजी येते. हे सगळं सुधारलं की नाराजी जाते, पण उत्साह येईलच असं नाही. तो येतो जबाबदारीतून, दखल घेतली जाण्यातून, नवीन काही शिकण्यातून.

हे निष्कर्ष इंजिनिअरांचे आहेत, ते तुमच्या फरसाणच्या युनिटला जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणणार नाही. पण क्रम मात्र उचलण्यासारखा आहे: आधी नाराजी काढा, मग उत्साहाचं बघा. आपल्याकडे उलटं चालतं. पगार १८ तारखेला, आणि 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'चा केक मात्र वेळेवर!

म्हणून सुरुवात पगाराच्या तारखेपासून. कायद्याने छोट्या आस्थापनेत महिना संपल्यावर सात दिवसांत पगार व्हायला हवा. ग्राहकाचं पेमेंट अडकलं हे कारण तिथे चालत नाही आणि कामगाराच्या घरमालकालाही चालत नाही. दर आठवड्याच्या विक्रीतून पगाराचे पैसे वेगळ्या खात्यात टाकत जा. तरीही कमी पडले तर सात तारखेची वाट न बघता आधीच सगळ्यांना बसवून सांगा, इतके आज देतोय, उरलेले अमुक दिवशी. फोन न उचलणारा मालक सगळ्यात लवकर माणसं गमावतो.

आता उशिरा येण्याचं बघू. समजा, तुमच्या चकलीच्या युनिटमध्ये सहा बायका कामाला आहेत आणि त्यातल्या दोघी रोज वीस मिनिटं उशिरा येतात. तुम्ही काय करता? तीन लेटमार्कला अर्ध्या दिवसाचा पगार कापता. एक तर हे नियमात बसत नाही. जेवढा वेळ गैरहजर, तेवढ्याच प्रमाणात कपात करता येते, आणि दंड लावायचाच तर तो पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर नेता येत नाही. दुसरं म्हणजे, त्या का उशिरा येतात हे विचारलंत का? चारचौघांत नाही, बाजूला घेऊन. "काकू, सकाळी काय अडचण होते?" एवढंच. कदाचित त्यांच्या वस्तीत नळाला पाणीच नऊला येत असेल. मग त्या दोघींना साडेनऊ ते साडेसहा केलं की झालं! पॅकिंग तसंही संध्याकाळीच असतं. मात्र ही सवलत का दिली ते बाकी चौघींनाही सांगा, नाहीतर आठवड्यात कुजबुज सुरू होते. आणि वेळ बदलूनही उशीर चालूच राहिला, तर मात्र स्पष्ट बोला. समजून घेणं म्हणजे सगळं चालवून घेणं नव्हे.

उचलीचा विषय सगळ्यात नाजूक. मुलीची शाळा, गावाकडचं आजारपण, गणपती; कारणं खरीच असतात. पण मालकाचा मूड बघून उचल मिळायला लागली की ज्याला मागता येतं त्याला मिळते, आणि मुकाट काम करणारा तसाच राहतो. नियम ठरवा: जास्तीत जास्त किती, किती महिन्यांत फेडायची, जुनी फिटल्याशिवाय नवी नाही. वहीत लिहा, सही घ्या, एक प्रत त्यांनाही द्या. हप्ता असा ठेवा की घर चालेल. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. उचलीत अडकवून माणूस टिकवायचा विचार तर करूच नका. असा माणूस एक दिवस न सांगता गायब होतो.

मोबाइलबद्दल फार लिहीत नाही. तुम्ही स्वतः गल्ल्यावर रील बघत असाल, तर भिंतीवरच्या सूचनेचा कागद वाया गेला.

हे सगळं मार्गी लागलं, की उत्साहाचं बोलू. तळणीवर चार वर्षं उभ्या असलेल्या मावशींना तेल कधी बदलायचं हे ठरवू द्या. नव्या मुलीला शिकवायचं काम त्यांना द्या, आणि त्याचे महिन्याला थोडे पैसे वेगळे द्या, फुकट नको. "छान, छान" म्हणण्यापेक्षा "मंगळवारच्या घाण्यात एकही चकली तुटली नाही" असं नेमकं सांगा.

इतकं करूनही कोणी जाईलच. लग्न होतं, गाव बदलतं, दुसरीकडे दोन हजार जास्त मिळतात. जाणाऱ्याचा हिशोब दोन दिवसांत पूर्ण चुकता करा, टोमणे नकोत. दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर आल्या आणि हाताशी तयार माणूस लागला, की पहिला फोन त्यांनाच करायचाय.